काळीज म्हणजे नक्की काय

देवपूर, धुळे
१२ मे २०२४

आत्या, नमस्कार.

तू म्हणालीस तसं पत्र लिहितो आहे. फोनवर तुला माझं बोलणं ऐकू येत नाही आणि मला फक्त तुझ्या कानातल्या मशीनची शिट्टी ऐकू येते. त्यापेक्षा हे बरं.

धाकट्या योगराजला जाऊन दोन महिने झाले. आई सकाळी पोथी वाचते, संध्याकाळी पांझरेच्या पुलापर्यंत जाऊन येते. रडणं कमी झालं आहे. मी ऑफिसला जातो. कालव्याला पाणी सोडलं आहे, त्यामुळे दिवसभर पाटावरच असतो.

फैजपूरहून भिकनचा फोन आला होता. शनिवारी योगराजचा वाढदिवस, म्हणजे आता जयंती म्हणायची. मित्रमंडळाला बसस्टँडसमोर फ्लेक्स लावायचा आहे, मजकूर सांगा म्हणाला. मी 'अल्पशा आजाराने निधन' एवढंच सांगितलं. तुला कोणी विचारलं तर काळजाने गेला असं सांग. लहानपणी त्याचं ऑपरेशन झालं होतं हे गावाला माहीत आहे. पुढे कोणी विचारणार नाही.

त्याचं झेरॉक्सचं दुकान तुझ्या शेजारच्या इसाकभाईंचा रमीज चालवतो म्हणतो. चालवू दे. योगराजला ते आवडलं असतं. दोघांचं ऑपरेशनही एकच, छातीवरचा टाकाही एकसारखा. एकमेकांना ते 'अर्धा किलो' म्हणायचे, कारण हृदय अर्धंच. आम्हाला ते बरं वाटायचं नाही, पण त्यांना वाटायचं.

तब्येत सांभाळ.

हितेंद्र


फैजपूर
२१ मे २०२४

हितेंद्र,

आशीर्वाद गृहीत धर, म्हणजे कागदावर जागा उरते.

अल्पशा आजाराने! अरे, हृदयात कामाचा एकच कप्पा घेऊन जन्मलेलं पोर. पाचव्या वर्षी मुंबईला छाती उघडली, पंचविसाव्या वर्षी गेलं. हा जर अल्पसा आजार, तर माझं बहिरेपण म्हणजे पडसं.

फ्लेक्स लागला. योगराज गॉगल घालून उभा आहे आणि मागे बर्फाचे डोंगर आहेत. पोरगं उभ्या जन्मात दवाखाने सोडले तर पालच्या जंगलापलीकडे फिरायला गेलं नाही, मेल्यावर काश्मीर पाहून राह्यलं. खाली शोकाकुल म्हणून अठरा चेहरे. त्यात भिकनचा चेहरा योगराजपेक्षा मोठा, कारण फ्लेक्स त्याने छापला. गल्लीतल्या धुरपदाबाईने फुलं आणली आणि भिकनच्या फोटोपुढे ठेवून हात जोडले. मी ती तशीच राहू दिली. कधीतरी उपयोगी पडतीलच.

आता कामाचं. लोक बहिऱ्यासमोर मोकळेपणी बोलतात. मी ओठ वाचते हे त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यामुळे समोरच्या ओट्यावरच्या गप्पा मला घरात बसून मिळतात. गेल्या आठवड्यापासून तिथे एकच शब्द चालू आहे, लिव्हर. भिकनचा मेहुणा तिकडे धुळ्याला कुठल्याशा दवाखान्यात आहे, त्याने आणलेली बातमी. आणि लिव्हर म्हटलं की आपलं गाव लगेच बाटली उघडतं. 'बापावर गेला. दुकानाचं शटर अर्धं ओढून प्यायचा.' अर्धं शटर तो दुपारी झोपायला ओढायचा हे मला माहीत आहे, मीच उठवायला जायचे. तो माझ्याच घरी राहत होता, हितेंद्र. वास मला येतो. कान गेलेत, नाक शाबूत आहे. तरी पण तुला सरळ विचारते, पोरगं प्यायचं का?

आणि दुसरं. पस्तीस वर्षं मी पोरांना मराठी शिकवलं. काळीज म्हणजे हृदय, असं फळ्यावर लिहून पाठ करून घेतलं. परवा बाजारात खाटकाच्या दुकानावरून जाताना पाटी पाहिली, 'ताजी कलेजी'. तो काही हृदय तोलत नव्हता. तेव्हा शब्दांत न अडकता सांग, तू काळजाने म्हणतोस ते नक्की कशाने?

रमीज दुकान नीट चालवतो. पण हावरट आहे. जांभळं खाऊन ओठ जांभळेगर्द करून बसलेला असतो आणि तसाच लोकांची आधार कार्डं काढतो.

सुनंदाआत्या


देवपूर
२९ मे २०२४

आत्या,

योगराज प्यायचा नाही. एकदाही नाही. एवढं लोकांना सांगितलंस तर चालेल.

बाकीचं विचारू नकोस. आबा कशाने गेले हे तुला मी सांगायला नको, ते तुझे भाऊ होते. ते गेल्यापासून लिव्हर हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा आहे. आई टीव्हीवर औषधाची जाहिरात लागली तरी आवाज बंद करते. तिने एकदा तो शब्द भोगला आहे. पोराच्या नावापुढे पुन्हा तोच शब्द मी तिला ऐकवणार नाही. योगराज काळजाने गेला, असं तिला वाटतं. ते तसंच राहू दे.

एक विचारायचं होतं. रमीजच्या ओठांबद्दल तू लिहिलंस. जांभळांचा रंग नखांना लागत नाही. त्याची नखं पाहिलीस का?

हितेंद्र


फैजपूर
६ जून २०२४

हितेंद्र,

तुझं पत्र वाचलं आणि चष्मा न काढता दुकानात गेले. रमीजला म्हटलं, हात दाखव. तो म्हणाला, "बाई, शाळा सुटून पाच वर्षं झाली. आता पण नखं तपासता का?" तपासली. जांभळी आहेत. बोटांची टोकंही फुगीर झाली आहेत, ढोलाच्या टिपरीसारखी. आणि जांभळं त्याने आठ दिवसांत खाल्लेलीच नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "जामून आठ दिन से बंद हैं, गले को लगते."

घरी कोरोनातलं ते बोटाला लावायचं यंत्र पडलं होतं. सेल बदलून त्याच्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशी. मला वाटलं यंत्र मेलं. माझ्या बोटाला लावलं, सत्त्याण्णव. पाय कबरीत असलेल्या बाईला सत्त्याण्णव आणि एकोणीस वर्षांच्या पोराला चौऱ्याऐंशी. मी ओठ वाचून पोट भरणारी बाई, हितेंद्र. दिवसभर माणसांच्या ओठांकडे पाहते आणि रंग पाहायचा राहिला. आता आठवतं, योगराजचेही दिवाळीपासून तसेच होते. मी त्याला म्हणायचे, विड्या ओढतोस का.

तशीच इसाककडे गेले. तो मशीनवर कापूस पिंजत होता. म्हणाला, "बाई, मार्च में इको निकाला. डॉक्टर बोले दिल एकदम बढिया. अब ठीक चीज को कितनी बार दिखाऊं?" मी म्हटलं, यंत्र चौऱ्याऐंशी दाखवतंय. तो म्हणाला, "वो कोरोना का माल है, चायना." आणि पुन्हा मशीन सुरू.

मग त्याच्या बायकोकडे, हसीनाबीकडे, आत गेले. ती माझ्याकडे बघेचना. मी रमीजचं नाव काढलं तशी पदर तोंडावर घेतला. पदरावरून मला वाचता येत नाही. मी तो खाली ओढला. थोडी झटापट झाली, ते जाऊ दे. तेव्हा ती बोलली आणि मला एकच शब्द कळला, कलेजी.

आता ऐक, आणि तुझ्या माळकरी आईच्या कानावर जाऊ देऊ नकोस. आपला योगराज गेली चार वर्षं दर शुक्रवारी हसीनाबीकडे कलेजी खायचा. माझ्या घरातून कांदाभजी खायला जातो म्हणून जायचा. मला माहीत होतं. नाक शाबूत आहे म्हटलं ना. हसीनाबीला कोणीतरी सांगितलं होतं की कलेजी खाल्ली की कलेजा मजबूत होतो. दोन्ही पोरांचा कलेजा अर्धा, म्हणून तिने दोघांना जोडीने वाढली. आता गावभर झालं की योगराजची कलेजी खराब झाली होती. तिने तिच्या परीने अर्थ लावला. "बाई, मैंनेच मारा उसको," असं म्हणते. रमीजला दवाखान्यात न्यायला घाबरते, कारण डॉक्टर विचारेल की याला काय खाऊ घातलं.

म्हणजे बाप म्हणतो दिल बढिया आहे, आई म्हणते माझ्या हातून झालं, गाव म्हणतं दारू, आणि तू म्हणतोस काळजाने. खरं काय ते एकट्या तुला माहीत आणि तू धुळ्यात तोंड मिटून बसलास. मला सगळं लिही. त्यांना मी वाचून दाखवते.

आत्या


फैजपूर
१८ जून २०२४

हितेंद्र,

हे पोस्टकार्ड आहे, म्हणजे पोस्टमनही वाचणार. वाचू दे.

तुझं उत्तर नाही. आज रमीज माझ्या गच्चीवर टाकी बघायला चढला आणि मधल्या पायरीवर बसला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "नजारा देख रहा." तिथून फक्त दूधवाल्या वनाच्या गोठ्याची भिंत दिसते.

योगराजही तिथेच बसायचा.

आत्या


देवपूर
२३ जून २०२४

आत्या,

उशीर झाला. मी दोनदा लिहिलं आणि फाडलं. मधल्या काळात मुंबईच्या डॉक्टरबाईंशी फोनवर बोललो. खालचा मजकूर इसाकभाई आणि हसीनाभाभींसाठी आहे. घरात बसून, दार लावून, हळू वाचून दाखव. ही एवढी विनंती.

इसाकभाई, भाभी,

योगराजचं हृदय शेवटच्या दिवसापर्यंत चाललं. इको त्याचाही चांगला यायचा. तो लिव्हरने गेला. तो दारू पीत नव्हता. माझे वडील प्यायचे आणि लिव्हरने गेले, म्हणून मी हा शब्द लपवला. तुमच्यापासून तो लपवायला नको होता, कारण तो रमीजच्या कामाचा आहे.

आपल्या दोन्ही पोरांच्या ऑपरेशनमध्ये काय केलं ते मला कळलं तसं सांगतो. चांगल्या हृदयात दोन पंप असतात. एक रक्त अंगभर पाठवतो, दुसरा अंगातून परत आलेलं रक्त फुप्फुसांत ढकलतो. या दोघांना एकच पंप होता. डॉक्टरांनी तो अंगासाठी ठेवला आणि परत येणारी नळी सरळ फुप्फुसांना जोडून दिली. म्हणून ती जगली, शाळेत गेली, भांडली. पण परतीच्या वाटेला मोटर नाही. रक्त आपल्या उताराने जातं.

मी पाटावर काम करतो. उतार कमी पडला की पाणी पुढे जातं, पण मागे तुंबूनही राहतं. पाटाला लागून जे शेत असतं त्यात बारमाही ओल राहते. काही वर्षांनी ती जमीन चिबडते. वरून हिरवी दिसते, आत मुळं कुजतात. लिव्हर म्हणजे ते पाटाच्या कडेचं शेत. वीस वर्षं ओल राहिली. योगराजचं पोट फुगलं तेव्हा आम्हाला कळलं, आणि तेव्हा लिव्हर दगडासारखं झालं होतं.

दुसरी गोष्ट ओठांची. तुंबलेलं पाणी जसं कुठूनतरी वाट काढतं तसं शरीरही करतं. नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात. त्यांतून रक्त फुप्फुसांत न जाता परस्पर हृदयात येतं, तसंच काळं, आणि तसंच अंगभर जातं. ओठ आणि नखं त्याने जांभळी होतात. योगराजला हे शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. तो मला म्हणाला, "दादा, माझ्या अंगात तुझं अख्खं खातं बसलंय. पाट आहे, गळती आहे, चोरून पाइप टाकणारे पण आहेत. फक्त तुझ्यासारखा जीपमधून पाहणी करणारा साहेब पाठवू नको." हसला आणि मग त्याला धाप लागली.

हे चोरपाइप बंद करता येतात. छाती उघडावी लागत नाही. मांडीतल्या नसेतून तार घालून आत बारीक स्प्रिंग बसवतात. योगराजच्या वेळी लिव्हर इतकं गेलं होतं की त्याचा उपयोग नव्हता. रमीजच्या वेळी असू शकतो. लिव्हरला उलटं फिरवता येत नाही, पण लवकर कळलं तर सांभाळता येतं. हे इकोत दिसत नाही. इको हृदयाचा असतो. मुंबईला आम्हाला सांगितलं होतं की दरवर्षी इथेच आणा, रक्त आणि पोटही तपासायचं आहे. चार-पाच वर्षं गेलो. मग जळगावला इको काढायचो, चांगला आला की पेढे घेऊन घरी यायचो.

भाभी, कलेजीचं मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, कलेजी खाऊन कोणाची कलेजी बिघडत नाही आणि सुधरतही नाही. आईला सांगा, तुमच्या हातून काही झालेलं नाही. हे त्यांचे शब्द आहेत.

पुढच्या सोमवारची वेळ मी घेतली आहे. तुम्ही भुसावळहून गाडीने या. मी धुळ्याहून येतो आणि हॉस्पिटलच्या दारात थांबतो.

हितेंद्र


फैजपूर
२७ जून २०२४

हितेंद्र,

तू लिहिलंस हळू वाच. मी हळूच वाचलं. निदान मला तसं वाटलं.

इसाकच्या घरी गेले, दार लावलं. इसाक मशीन बंद करायला तयार नव्हता. म्हणाला, वाचा, मी ऐकतो. त्या पिंजणाची धडधड मला कानांनी नाही, तळपायांनी कळते. मी सुरुवात केली. 'तो लिव्हरने गेला' इथे आले आणि पायाखालची धडधड थांबली. इसाकने बटण बंद केलं होतं. म्हणजे अख्ख्या गल्लीत आवाज उरला तो माझा. पुढे मी तीन पानं वाचली. मधे पाणीही प्यायले.

मान वर केली तर खिडकीत धुरपदाबाई. तिच्या मागे वना, हातात दुधाची किटली. त्याच्या मागे समोरच्या ओट्यावरच्या सगळ्याजणी. आणि दार ढकलून उभा भिकन, झेरॉक्ससाठी रमीजला शोधत आलेला. मी विचारलं, तुम्ही इथे कशाला? धुरपदाबाई म्हणाली, "माय वं, बाई, तुम्ही वाची राहिल्या तं आमाले वाटलं लाउडस्पीकर लावला. मी तं गॅस बंद करून आली."

वनाने विचारलं, "म्हणजे तो पेतच नव्हता?" मी म्हटलं, नाही. "मग शटर?" झोपायचा. धुरपदाबाईने लुगड्याने डोळे पुसले आणि भिकनला म्हणाली, "तुया मेव्हन्याच्या तोंडात किडे पडो." भिकन खाली बघत होता. तो म्हणाला, फ्लेक्स मी बदलतो. मी म्हटलं, तुझा फोटो तेवढा लहान कर.

इसाक बराच वेळ मशीनवरचा कापूस काढत बसला. मग उठून रमीजसमोर गेला आणि त्याचा हात धरून नखं पाहिली. बाप आहे, रोज त्या हातातून चहा घेतो. आज पाहिली. मला म्हणाला, "बाई, मैं दिल ही देखता रहा."

हसीनाबी भिंतीला टेकून बसली होती. कलेजीचा भाग मी तिला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातातला कागद घेतला, तिला वाचता येत नाही तरी पाहिला, आणि विचारलं, "हसी डॉक्टर? सच्ची हसी?" मी म्हटलं हो. तेव्हा तीही हसली, आणि मग जी रडली, ती मला ऐकू आली नाही हेच बरं.

रमीज आपली नखं पाहत होता. शेवटी म्हणाला, "मतलब जुम्मे की कलेजी चालू?"

सोमवारी येतात. मी नाही येत, डब्यात माझं मशीन शिट्ट्या मारतं आणि लोक साखळी ओढतात.

आता तुझं. गल्लीला कळलं म्हणजे धुळ्याला कळलंच. धुरपदाबाईकडे तुझ्या आईचा, बेबाबाईचा, नंबर आहे. त्याआधी तू तोंड उघड.

आत्या


देवपूर
१० जुलै २०२४

आत्या,

तुझं पत्र पोचायच्या आत धुरपदाबाईंचा फोन पोचला. मी ऑफिसातून आलो तर आई ओसरीत बसली होती, हातात माळ, पण मणी सरकत नव्हते. मी चप्पल काढत होतो. ती म्हणाली, "लिव्हर म्हण."

मी दुसरी चप्पल काढली.

"म्हण की. मी काय कुकुलं बाळ आहे? तुझ्या आबाचं पोट मी दोन वर्षं पाहिलं होतं. योगराजचं पोट त्या महिन्यात मी रोज चोळत होते. मला काय हृदय वाटलं होतं ते?" मी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू इतक्या काळजीने लपवत होतास. म्हटलं, पोराला तेवढं तरी जमू दे."

आत्या, साडेतीन महिने आम्ही एका घरात एकमेकांसाठी टीव्हीचा आवाज बंद करत होतो.

कलेजीचंही तिला कळलं होतं. मला वाटलं आता हे घर उपास धरणार. ती उठली, देवापुढे माळ ठेवली, हात जोडले आणि परत येऊन बसली. मग एकच विचारलं, "मीठ कमी घालायची ना रे ती बाई? डॉक्टरांनी त्याला मीठ कमी सांगितलं होतं." मला माहीत नाही, म्हणालो. तर म्हणाली, "सुनंदाला लिही, विचारून घे." म्हणून लिहितो आहे.

आता मुंबई. रमीजच्या अंगात तीन चोरपाइप सापडले. तिन्ही बंद केले. लिव्हर घट्ट व्हायला लागलं आहे, पण पोटात पाणी झालेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेवर आलात. दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी, आणि ते मुंबईलाच. इसाकभाईंनी त्यांना तीनदा विचारलं, "और दिल?" त्या तीनदा म्हणाल्या, दिल ठीक है, आप पेट की फिक्र करो. तपासणीच्या वेळी नर्सने रमीजला वजन विचारलं. तो म्हणाला, "दिल छोडके बताऊं, या अर्धा किलो मिलाके?" नर्सला कळलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

लिफ्टवाल्याने मला ओळखलं. मार्चमध्ये तोच होता. "भाऊ कसा आहे?" म्हणाला. मी बरा आहे म्हणालो. लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत जाईतो सुधारून सांगायला वेळ होता, पण सांगितलं नाही. संध्याकाळी खाली उतरताना सांगितलं. कशाने, असं त्याने विचारलं. लिव्हरने, असं सांगितलं. तो "पीता था?" म्हणाला. मी म्हटलं, नाही, आणि मग तळमजला येईपर्यंत त्याला पाट समजावून सांगितला. त्याने पुन्हा वर नेलं, कारण माझं संपलं नव्हतं.

रमीज शनिवारी गावी पोचेल. तू पाहून लिही. मला त्याचे ओठ ठीक वाटले, पण इथल्या ट्यूबलाइटवर माझा भरवसा नाही आणि डोळ्यांवरही नाही.

हितेंद्र


फैजपूर
१६ जुलै २०२४

हितेंद्र,

आधी मिठाचं. हसीनाबीला विचारलं. तिने कानाला हात लावला. म्हणाली, योगराजच्या वाटणीची वेगळी काढायची आणि मीठ घालायचीच नाही. तो दर वेळी कुरकुरायचा की चाची, ये कलेजी है या रबर? पण ताट पुसून खायचा. बेबाबाईला सांग, तिच्या पोराला कोणी मीठ वाढलं नाही. आणि हसीनाबीने विचारलंय, तुझी आई इकडे आली तर तिच्या हातचं चालेल का. साबुदाणा, म्हणाली. नवं पातेलं घेईन, म्हणाली.

भिकनने फ्लेक्स बदलला. मजकूर मी सांगितला, 'लिव्हरच्या आजाराने निधन. दारू न पिता.' त्याला दुसरं वाक्य बरोबर वाटत नव्हतं. मी म्हटलं, पहिलं ऐकून तूच बाटली काढली होतीस, दुसरं लागतंच. स्वतःचा फोटो त्याने लहान केलाय. बर्फाचे डोंगर तसेच आहेत. राहू दे म्हटलं, आता तो बघतच असेल तर पुरं बघू दे.

शनिवारी दुपारी रमीज आला. गल्ली सगळी दारात. त्याने पिशवी खाली ठेवली, सरळ माझ्याकडे आला आणि काहीतरी बोलला. मी त्याच्या ओठांकडे पाहत होते. उन्हात, नीट, चष्मा पुसून. जांभळे नव्हते रे. साधे होते, एकोणीस वर्षांच्या पोराचे असतात तसे, थोडे फुटलेले, एका कोपऱ्यात बिस्किटाचा चुरा. चाळीस वर्षं मी ओठ वाचते. त्या दिवशी मी पाहतच राहिले आणि तो काय म्हणाला ते मला कळलंच नाही.

मी म्हटलं, परत बोल. तो परत बोलला. मला परत कळलं नाही. तिसऱ्यांदा त्याने माझ्या कानाजवळ येऊन ओरडून सांगितलं. तेव्हा मशीनने शिट्टी मारली आणि त्यातूनही ऐकू आलं.

"बाई, भूक लगी है!"

आत्या